वाचकांचे प्रश्न : जुन्या टोपोशीटवर आपलं गाव

जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्याच्या तपशीलवार नकाशांवरून) गावाचा इतिहास कसा शोधावा, असं विचारणारी पत्रं सीमाभागातून बरीच आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

आमच्या गावाची जुनी शीट पाहायची आहे. नंबर कसा काढायचा आणि शीट मिळते कुठे? – वाचक, नंदगड (ता. खानापूर)

नंबर कुणाला विचारावा लागत नाही, गावाचे अक्षांश-रेखांश माहीत असले की कागदावर मांडून काढता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाने देशाचे चार अंश बाय चार अंशांचे चौकोन पाडले आहेत. आपला भाग 72 ते 76 पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येतो. 16 अंश उत्तर अक्षांशाच्या वरचा चौकोन 47 आणि खालचा 48. आपला बेळगाव जिल्हा या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरला आहे : निपाणी, चिकोडी 47 मध्ये, तर बेळगाव, खानापूर 48 मध्ये.

प्रत्येक चौकोनाचे एकेका अंशाचे सोळा भाग होतात आणि त्यांना ए ते पी अशी अक्षरं आहेत. मोजणी वायव्य कोपऱ्यातून सुरू होते, वरून खाली चार, मग पूर्वेची उभी रांग. 74 ते 75 रेखांशांची रांग आय, जे, के, एल अशी येते. त्यामुळे 48 मधला आपला भाग 'आय' आणि 47 मधला 'एल'. त्या एका अंशाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्याच पद्धतीने 1 ते 16. नंदगड साधारण 15 अंश 34 मिनिटं उत्तर, 74 अंश 34 मिनिटं पूर्व. म्हणजे तिसरी उभी रांग (9 ते 12) आणि वरून दुसरं घर : शीट 48 आय/10. हलशीही याच शीटवर आहे. उचगाव 48 आय/5 वर, निपाणी 47 एल/7 वर. बेळगाव शहर नेमकं 74 अंश 30 मिनिटांच्या रेषेवर बसलेलं असल्यामुळे शहराला 5 आणि 9 अशा दोन शीट लागतात. एक घेतली आणि निम्मं शहर गायब, ही तक्रार त्यामुळेच येते.

अशी एक शीट दक्षिणोत्तर सुमारे 27.7 आणि पूर्व-पश्चिम सुमारे 26.7 किलोमीटरचा मुलूख दाखवते.

नवी आवृत्ती (ओपन सीरिज, 1:50,000) सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मिळते. तिचा क्रमांक वेगळ्या पद्धतीचा असतो : 48 आय/10 ची डी 43 सी 10 होते, 47 एल/7 ची ई 43 यू 7. शेवटचा आकडा बदलत नाही, तेवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. जुन्या एक इंच-एक मैल प्रमाणाच्या, म्हणजे इंची शीटसाठी महाविद्यालयांचे भूगोल विभाग आधी पाहा. प्रात्यक्षिकासाठी घेतलेल्या शीट तिथल्या कपाटांत असतात आणि त्या बघू द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. घरबसल्या पाहायचं तर अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची 1:250,000 ची यू 502 मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जाळ्यावर मोफत ठेवली आहे. बेळगाव-खानापूरसाठी एनडी 43-2, निपाणी-चिकोडीसाठी एनई 43-14. मात्र त्या प्रमाणावर विहिरी, देवळं, पाणंदी यांना फारशी जागा नसते. गावं, रस्ते, ओढे आणि डोंगर एवढ्याच अपेक्षेने ती उघडावी.

शीटवर दोन-तीन वेगवेगळी सालं छापलेली आहेत. गावाच्या इतिहासात कोणतं साल लिहायचं? – वाचक, हिंडलगा

पाहणीचं. छपाईचं नव्हे. समासात 'सर्व्हेड' म्हणून जे साल असतं त्या वर्षी माणसं फळ्यावर कागद लावून शिवारात उभी होती. 'रिव्हाइज्ड' म्हणजे जुन्या नकाशात काही दुरुस्त्या केल्या. त्या बहुधा रस्ते, रेल्वे आणि सरकारी इमारतींच्या असतात, प्रत्येक विहीर पुन्हा मोजलेली नसते. छपाईचं साल म्हणजे छापखान्याची तारीख. काही शीटवर एक छोटा चौकोनी तक्ता असतो, त्यात शीटचा कोणता कोपरा कोणत्या वर्षी मोजला ते दाखवलेलं असतं. तो आधी पाहा, कारण एकाच शीटवर शेजारच्या दोन गावांची पाहणी वेगवेगळ्या वर्षांची असू शकते. वर सांगितलेल्या अमेरिकन शीट तर आधीच्या सर्वेक्षणांवरून जुळवलेल्या आहेत. त्यांच्यावर 1950 च्या दशकातलं साल आहे म्हणून गाव त्या वर्षी तसं होतं असं धरू नये.

समास फाटला असेल तर नकाशाच्या आतूनही साल पकडता येतं. वर 'बॉम्बे' लिहिलं असेल तर माहिती 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीची, 'मैसूर' असेल तर त्यानंतरची, 'कर्नाटक' असेल तर 1973 च्या नोव्हेंबरनंतरची. बेळगाव-लोंढा रेल्वे नसेल तर पाहणी 1887 च्या आधीची. सांबऱ्याच्या विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, 1942 च्या सुमाराची. ती नसेल तर पाहणी त्याच्या आधीची असा अंदाज बांधता येईल, पण इथे थोडं जपून. लष्करी ठिकाणं मुद्दाम गाळण्याची पद्धत होती. उंची फुटांत असेल तर शीट इंची, मीटरमध्ये असेल तर दशमान पद्धत आल्यानंतरची.

शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन हा उपक्रम करायचा आहे. हाताशी एक शीट आणि एक दिवस आहे. काय करता येईल? – शिक्षिका, उचगाव परिसर

अख्खी शीट मुलांपुढे पसरू नका. पंधरा मिनिटांत ती कंटाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. गाव मध्यभागी धरून चारी बाजूंना तीन-तीन किलोमीटर एवढाच चौकोन घ्या. 1:50,000 च्या शीटवर तो 12 सेंटिमीटरचा होतो. त्याची दुप्पट मोठी रंगीत प्रत काढा. रंगीतच हवी, कारण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल रस्ता, तपकिरी समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा आणि निळा ओढा सगळे एकाच काळ्या दोऱ्यासारखे दिसतात, आणि मग मुलं डोंगराच्या रेषेला पाणंद समजून चालू लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाणाची पट्टी कापून प्रतीच्या कोपऱ्यात चिकटवा आणि मगच प्रत मोठी करा. झेरॉक्सवाला 'पानात बसवा' दाबतो आणि प्रमाण बिघडतं. पट्टी सोबत असेल तर तीही त्याच पटीत मोठी होते आणि अंतर चुकत नाही.

आदल्या दिवशी वर्गात खुणा ओळखून घ्या. या चार खुणांवर दिवस निघतो.

पहिली, विहीर. निळं छोटं वर्तुळ. बांधीव आणि बिनबांधीव विहिरीची खूण वेगळी असते, ती समासातल्या सूचीत पाहून घ्या. दुसरी, बाजार. काही गावांच्या नावापुढे कंसात वाराचं इंग्रजी संक्षिप्त रूप असतं, तो आठवडी बाजाराचा दिवस. आज तिथे बाजार भरतो का, वार तोच आहे का, आणि नसेल तर कधी मोडला, एवढ्या एका प्रश्नावर गावातली म्हातारी माणसं तासभर बोलतात. तिसरी, वाटा. गाडीवाट आणि पायवाट यांच्या तुटक रेषा वेगळ्या आहेत. चौथी, आकड्यापुढे लिहिलेला इंग्रजी 'आर', उदाहरणार्थ 3 आर. ही समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. शेजारच्या जमिनीपेक्षा बांध तेवढा उंच किंवा ओढ्याचा काठ तेवढा खोल, असा त्याचा अर्थ. नव्या शीटवर तो मीटरमध्ये, इंची शीटवर फुटांत असतो. मुलं हमखास इथे फसतात आणि गाव समुद्रसपाटीपासून तीन मीटरवर आहे असं वहीत लिहितात.

ओढे काळ्या रेषेने का काढले आहेत, हे मुलं विचारणारच. निळं म्हणजे बारमाही पाणी, काळं म्हणजे एरवी कोरडा. सर्वेक्षणाचा हंगाम पावसाळ्यानंतरचा असे. त्यामुळे पावसाळ्यात छातीएवढं पाणी असणारा ओढाही शीटवर काळा दिसतो. तो कोरडाच होता असा निष्कर्ष काढू नये.

प्रत्यक्ष फेरीसाठी एकच जुनी वाट निवडा, शक्यतो शेजारच्या गावाला जाणारी पाणंद, दोन-अडीच किलोमीटरची. वळणावळणाची वाट मोजायला ओला सुती दोरा वाटेवर ठेवा, मग ताणून पट्टीवर धरा. मूळ शीटवर 2 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. दुप्पट प्रतीवर 4. इंची शीटवर एक किलोमीटर सुमारे 1.58 सेंटिमीटर भरतो. मुलांचे तीन गट करा. एक गट वाट अजून वहिवाटीत आहे का हे दर शंभर पावलांवर लिहील : चालू, बुजलेली, नांगरलेली, डांबरी. दुसरा गट वाटेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी आणि देवळं मोजेल आणि शीटवरच्या खुणांशी पडताळेल. तिसरा गट फक्त माणसांशी बोलेल. या गटाला तयार प्रश्न द्या : ही वाट कुठे जायची, कशासाठी जायची, गाडी जायची की नुसतं जनावर, पावसाळ्यात बंद व्हायची का, बंद पडली तर कोणत्या वर्षी. साल आठवत नसेल तर 'दुष्काळाच्या आधी की नंतर', '72 च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता' असं विचारलं की उत्तर येतं.

एखादी वाट नांगरलेली आढळली तर ती कोणी नांगरली हे मुलांनी तिथल्या तिथे विचारू नये. तो भाऊबंदकीचा विषय असतो, आणि शाळेच्या सहलीत तो निघाला की दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे राहतात.

परत आल्यावर जुन्या प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून आजची स्थिती तीनच रंगांत काढायला सांगा : जे टिकलं ते हिरवं, गेलं ते लाल, नवं ते निळं. रंग वाढवले की नकाशा रांगोळीसारखा होतो आणि वाचता येत नाही. होकायंत्र असेल तर चुंबकीय फरकाची (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या) काळजी करू नका. आपल्याकडे तो अंशभराच्या आसपास आहे, म्हणजे किलोमीटरला सतरा-अठरा मीटर.

स्कॅन केलेली शीट क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत बसवली. एका शीटवर गाव शे-दीडशे मीटर सरकतं. एका जुन्या नकाशावर तर सगळा तालुका चार किलोमीटर पूर्वेला जातो. कुठे चुकतंय? – वाचक, टिळकवाडी

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

शे-दीडशे मीटरचं आधी. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आधारलेल्या आहेत. उपग्रहचित्रं आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 हे नवं माप वापरतात. तुम्ही शीटवरचे अक्षांश-रेखांश वाचून ते डब्ल्यूजीएस 84 म्हणून टाकले असणार. जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन जागेवर बसवायच्या साधनात) लक्ष्य प्रणाली म्हणून कल्याणपूर 1975 (ईपीएसजी 4146) निवडा आणि आकडे शीटवर आहेत तसेच टाका. पुढचं रूपांतर क्यूजीआयएस करतं. ओपन सीरिजच्या नव्या शीट मुळातच डब्ल्यूजीएस 84 वर आहेत, त्यांना ही दुरुस्ती लावली तर उलट सरकतील.

चार किलोमीटरचं कारण मद्रास वेधशाळेत आहे. एकोणिसाव्या शतकात देशातले सगळे रेखांश मद्रासच्या रेखांशावरून मोजले जात आणि मद्रासचा तेव्हा धरलेला रेखांश खऱ्यापेक्षा जास्त होता. पुढे तो सुधारला, पण आधी छापलेल्या नकाशांवरचे आकडे तसेच राहिले. अशा नकाशांच्या समासात रेखांशातून सुमारे 2 मिनिटं 27 सेकंद वजा करावेत अशी बारीक अक्षरांतली टीप आढळते. आपल्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे 1.78 किलोमीटर. गुणाकार करून पाहा, 4.4 किलोमीटर येतात. प्रत्येक बिंदूच्या रेखांशातून ही वजाबाकी करून आकडा टाका. अक्षांशाला हात लावू नका.

आता बाकीचं. चार कोपरे पुरत नाहीत. पंधरा मिनिटांच्या शीटवर दर पाच मिनिटांना अक्षांश-रेखांश काढलेले असतात, म्हणजे कडा धरून सोळा छेदबिंदू मिळतात. सगळे घ्या. आधी पॉलिनोमिअल 1 (स्कॅन सरळ ताणून-फिरवून बसवणारं रूपांतर) लावा आणि प्रत्येक बिंदूची चूक किती पिक्सेल येते ते तक्त्यात पाहा. पंधरा बिंदू दोन-तीन पिक्सेलांत आणि एकच बिंदू शेकड्यांत असेल तर कागदाला दोष देऊ नका, तुमचा आकडा चुकलाय. नेहमीची चूक म्हणजे 74 अंश 35 मिनिटांना 74.35 लिहिणं. ते 74.5833 हवं. सगळेच बिंदू थोडेथोडे हलत असतील तर कागद आकसला किंवा ताणला आहे, तेव्हा थोडं वाकवूनही बसवणारं पॉलिनोमिअल 2 लावा.

कापडावर चिकटवलेल्या घडीच्या शीटची गंमत वेगळी. घडी पडावी म्हणून कागदाचे तुकडे करून मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट सोडून ते चिकटवलेले असतात. इंची शीटवर तीन मिलिमीटरची फट म्हणजे जमिनीवर जवळजवळ 190 मीटर, आणि अशा फटी तीन-चार. ही शीट एकसंध समजून बसवली तर कधीच बसत नाही. स्कॅन तुकड्यातुकड्यांनी कापा, फटी काढून टाका आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसवा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

स्कॅन 300 डीपीआयचा (इंचाला 300 ठिपके) पुरतो. इंची शीटवर एक पिक्सेल तेव्हा सुमारे 5.4 मीटरचा असतो. मोबाइलने फोटो काढला तर भिंगामुळे कडा वाकतात, आणि अशा वाकलेल्या कडांवरच तुमचे निम्मेअधिक बिंदू असतात.

सगळं नीट जमलं तरी मीटरभर अचूकता मागू नका. नकाशावरची अर्धा मिलिमीटरची रेघ जमिनीवर 32 मीटर रुंद होते. शिवाय रस्त्याची खूण खऱ्या रुंदीपेक्षा कितीतरी जाड काढतात आणि मग रस्त्याकाठचं देऊळ किंवा विहीर कागदावर थोडी बाजूला सरकवावी लागते. त्यामुळे रस्त्यापासून दूर, माळावर एकट्या असलेल्या खुणा पडताळणीला जास्त भरवशाच्या. डोंगरमाथ्यावरचा त्रिकोण (त्रिकोणमितीचं स्थानक) सगळ्यांत उत्तम.

जुन्या शीटवर आमच्या शिवेत एका वाडीचं नाव आहे आणि पुढे कंसात 'डेझर्टेड'. आज तिथे ऊस आहे. गाव कशाने उठलं, हे कसं कळेल? – वाचक, कडोली भाग

'कशाने' हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्या. आधी 'कधी' ठरवा, तेही दोन टोकं बांधून. ज्या शीटवर किंवा यादीत वाडी नांदती दिसते ती सर्वांत अलीकडची नोंद हे एक टोक आणि जिथे ओसाड दिसते ती सर्वांत जुनी नोंद हे दुसरं. 1884 च्या बेळगाव जिल्हा गॅझेटियरमध्ये नाव येतं का पाहा. 1951 पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत निर्जन गावंही नावानिशी दिलेली असतात.

त्याहून जवळचा पुरावा महसुलात आहे. माणसं उठली तरी मौजे उठत नाही. बेचिराख गाव म्हणून त्याचं नाव, शीव आणि सर्व्हे नंबर स्वतंत्र राहतात, किंवा शेजारच्या गावात सामील केल्याची नोंद सापडते. कर्नाटक महसूल खात्याने गाव नकाशे जाळ्यावर उपलब्ध केले आहेत, त्यात त्या जागेचे सर्व्हे नंबर काढा. शेतात उभं राहून मोबाइलवर 'दिशांक' ॲप उघडलं तरी तुम्ही ज्या सर्व्हे नंबरात आहात तो दिसतो. मग तेवढ्याच नंबरांचे जुने उतारे मागवा. 'जुने सगळे उतारे द्या' असा अर्ज केला की तो टेबलावरच राहतो. नंबर घालून केलेला अर्ज पुढे सरकतो.

जागेवर जाल तेव्हा आधी माती पाहा. वस्तीची जागा पांढरी असते. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी ती जमीन आजूबाजूच्या काळ्या किंवा तांबड्या रानापेक्षा फिकट आणि भुसभुशीत दिसते आणि थोडी उंचही लागते. ऊस उभा असताना काही दिसत नाही. तोडणी झाल्यावर, नांगरट होऊन एखादा पाऊस पडला की जा. तेव्हा खापऱ्या धुऊन वर आलेल्या असतात. त्या उचलून घरी नेऊ नका. कुठे किती दाट आहेत ते दहा-दहा पावलांच्या चौकोनांत कागदावर लिहा. दाट खापऱ्यांचा पट्टा म्हणजे घरांची जागा, विरळ म्हणजे परसं आणि उकिरडे. ऊसवाल्याने पांढरीची माती खत म्हणून दुसऱ्या रानात टाकलेली असू शकते. त्यामुळे खापऱ्या सापडल्या की गाव सापडलं असं होत नाही. विहीर, मारुतीची मूर्ती, वीरगळ, जुनी चिंच यांपैकी आणखी काही शीटवरच्या जागेशी जुळायला हवं. मूर्ती उचलून नव्या देवळात नेलेली असते, तेव्हा ती कुठून आणली हे पुजाऱ्याला विचारा. यात्रेची पालखी आजही त्या उसाच्या बांधापर्यंत जाऊन परत फिरत असेल, तर तो पुरावा कागदाइतकाच वजनदार आहे.

खणू मात्र नका, हातभर सुद्धा. पुरलेला ऐवज सापडल्यास सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि खणलेल्या जागेचा पुढे अभ्यासाला उपयोग राहत नाही.

आता कारण. आपल्याकडे प्रत्येक ओसाड वाडीला 'प्लेगात गेली' हे उत्तर तयार असतं. 1896 नंतर मुंबई इलाख्यात प्लेग पसरला आणि लोक गावाबाहेर झोपड्यांत राहिले, हे खरं. पण तुमच्या दोन टोकांमधला काळ त्याच्याशी जुळला तरच प्लेगचं नाव घ्या. पाणी आटणं, हमरस्ता सरकणं, दरोड्यांच्या भीतीने मोठ्या गावात येणं, पाटलांचं भांडण, ही कारणंही तेवढीच शक्य आहेत. आणि 'डेझर्टेड' याचा अर्थ मोजणीदाराला त्या हंगामात छपरं दिसली नाहीत, एवढाच.

जुन्या नकाशावर बेळगाव आणि शहापूर यांच्या मधून सरहद्दीची रेघ गेली आहे. ही छपाईची चूक का? – वाचक, शहापूर

चूक नाही. शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव ब्रिटिश मुलखात. ती रेघ संस्थानची हद्द. सांगलीसह दक्षिणेतली संस्थानं 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झाली आणि रेघ पुसली गेली. त्याचप्रमाणे रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. त्याचं विलीनीकरण 1 मार्च 1949 चं.

याचा उपयोग कागद शोधताना होतो. तुमचं गाव या रेघेच्या कोणत्या बाजूला होतं त्यावर दप्तर कुठे पाहायचं हे ठरतं. ब्रिटिश हद्दीतल्या गावांसाठी मुंबईचं पुराभिलेखागार, रायबागसाठी कोल्हापूरचं. संस्थानी गावाचा कागद मुंबईत शोधत बसलेले लोक हातावर हात चोळत परत येतात. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. शिनोळीसारख्या गावाची त्याआधीची माहिती बेळगावच्या जनगणना पुस्तिकेत मिळेल, कोल्हापूरच्या नाही. शीटवरच्या या जुन्या हद्दी आजच्या सीमाप्रश्नात पुरावा म्हणून नाचवण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रत्येक शीटवर हद्दी प्रमाण मानू नयेत अशा अर्थाची ओळ बहुधा छापलेली असतेच.

हिडकल धरणात आजोळचं गाव गेलं. ते कागदावर तरी पुन्हा मांडता येईल का? – वाचक, हुक्केरी तालुका

येईल, आणि इथे जुनी इंची शीट नव्या शीटपेक्षा उपयोगी. हिडकलची पूर्ण पातळी 2175 फूट आहे. इंची शीटवर समोच्च रेषा फुटांत, दर 50 फुटांना असतात. 2150 आणि 2200 च्या रेषा शोधा आणि त्यांच्या मध्यातून पेन्सिलने तिसरी रेघ ओढा. आतलं सारं पाण्याखाली. ही रेघ अंदाजाची आहे. चढ सपाट असेल तिथे ती शंभर-दोनशे मीटर इकडे-तिकडे होईल, म्हणून उन्हाळ्यातल्या आणि धरण भरल्यावरच्या उपग्रहचित्रांशी ताडून घ्या. आतल्या गावठाणात पाटीलवाडा, देऊळ, विहीर, पाणोठा हे शीट दाखवेल. कोणत्या आळीत कोण राहत होतं, हे मात्र पुनर्वसित गावातली सत्तरीपुढची माणसंच सांगतील. त्यांच्यासमोर मोठी केलेली प्रत ठेवा, उत्तर दिशा न सांगता नदी कुठे ते दाखवा. ती माणसं नदीच्या मानाने दिशा धरतात. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, ती वेळ जागेवर पडताळणी करायला चांगली. चिखलात एकट्याने उतरू नका. वरची साय वाळलेली दिसते आणि खाली गुडघाभर गाळ असतो.

शेजाऱ्याने बांध कोरला आहे. जुनी टोपोशीट तहसीलदारांपुढे ठेवली तर चालेल का? – वाचक, निपाणी

नाही. टोपोशीटवर शेताचे बांध नसतातच, आणि असते तरी एका रेघेची जाडी तुमच्या वादातल्या पट्ट्यापेक्षा मोठी आहे. टिपण, आकारबंद आणि हद्दीची मोजणी यांसाठी तालुक्याच्या एडीएलआर (भूमी अभिलेख सहायक संचालक) कार्यालयात अर्ज करा.